काठी कोणत्या हातात?

धुळ्यात पांझरा ओलांडून उत्तरेला आलं की देवपूर लागतं. नदीकाठी एकवीरा देवीचं देऊळ, पलीकडे कॉलेजं, वाडीभोकर रोड, गोंदूर रोड आणि गावाला लागून गेलेला आग्र्याचा रस्ता. सकाळी उन्हं चढण्याआधी इथल्या रस्त्यांवर फिरायला निघालेल्या माणसांकडे जरा निरखून पाहिलं, तर कितीतरी जणांच्या चालीत एखाद्या जुन्या दुखापतीची खूण सापडते. कुणाचं एक पाऊल आखूड पडतं, कुणाचा गुडघा पुरता वाकत नाही, कुणी खांदा उचलून धरल्यासारखा चालतो. काही जणांच्या हातात काठी असते, आणि ती बहुतेक वेळा दुखऱ्या पायाच्याच बाजूला धरलेली असते.

काठी असते ती दुसऱ्या हाताची. उजवा पाय दुखत असेल तर ती डाव्या हातात हवी. चालताना उजवा पाय आणि डावा हात बरोबरच पुढे येतात. डाव्या हातातली काठी उजव्या पायाबरोबर टेकली की खुब्याभोवतीच्या स्नायूंना शरीर तोलून धरायला कमी ओढावं लागतं आणि सांध्यावरचा भार पुष्कळच घटतो. वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकी अस्थिशल्यविशारदाने १९५६ साली यावर एक लेखच लिहिला होता आणि रुग्णांना काठी इतक्यात टाकू नका असं बजावलं होतं. जिन्याचंही तसंच आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. पण हाडाचं मोठं ऑपरेशन करून घरी परतलेल्या अनेकांना ते कुणीच सांगितलेलं नसतं, आणि सांगितलं असलं तरी औषधांच्या चिठ्ठ्या, बिलं आणि गाडीची जमवाजमव यांच्या घाईत ते कानावरून गेलेलं असतं.

धुळं हे महामार्गांचं गाव आहे. मुंबई–आग्रा, सुरत–नागपूर आणि सोलापूरकडून येणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. ट्रक, ट्रॅक्टर, कापसाच्या गाड्या आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या दुचाकी. त्यामुळे नडगीचं हाड मोडणं, मांडीत रॉड बसणं, गुडघ्याचं लिगामेंट जाणं या गोष्टी इथल्या घरांना नवीन नाहीत. त्यात शेतातली पडझड, विहिरीच्या काठावरून घसरणं आणि म्हातारपणी न्हाणीघरात पाय सटकून मोडणारा खुबा यांची भर पडते. ऑपरेशनची सोय आता गावातच आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी दवाखाने आहेत. हाड जोडणं हे काम काही तासांत होतं. माणूस पुन्हा उभा करणं हे काम त्यानंतरचे कित्येक महिने चालतं, आणि ते दवाखान्यात नाही, घराच्या पडवीत, गच्चीवर, गल्लीत होतं. या दुसऱ्या कामाकडे आपल्याकडे फारच कमी लक्ष दिलं जातं.

ऑपरेशन झालेला माणूस घरी आला की गोतावळा भेटायला येतो. ‘कसा शे आते पाय?’ अशी चौकशी होते, केळी-मोसंब्यांची पिशवी उशाशी ठेवली जाते आणि निघताना प्रत्येक जण मायेने बजावतो, ‘उठू नको, पडी ऱ्हाय.’ या मायेबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. जुन्या काळात मोडलेलं हाड जुळून यायला पडून राहण्यावाचून दुसरा इलाजही नव्हता. पण आज रॉड आणि प्लेट बसवतात ते मुख्यतः माणसाला लवकर हलता यावं म्हणूनच, आणि ते बसवल्यावरही माणूस दोन महिने खाटेवरच राहिला, तर ऑपरेशनचा निम्मा फायदा खाटेतच जिरतो.

पडून राहण्याची किंमत किती, हे १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात मोजलं गेलं. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणातच ठेवलं. त्यांना कसलीही इजा नव्हती, आजार नव्हता. तीन आठवड्यांनी त्यांच्या हृदय-फुप्फुसांची क्षमता पाव हिश्शाहून अधिक घसरली होती. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना, पन्नाशीत असताना, पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने त्यांची क्षमता जेवढी कमी केली होती, त्यापेक्षा ते तीन आठवडे जास्त महागात पडले होते. आणि पन्नाशीतही सहा महिन्यांच्या बेताबेताने वाढवलेल्या व्यायामाने वयाने नेलेलं बरंचसं परत आलं. विशीतल्या धडधाकट मुलांची ही गत, तर सत्तरीतल्या आजीला खुबा मोडल्यावर ‘महिनाभर हलू नका’ सांगणं म्हणजे काय, याचा अंदाज यावरून करता येतो. म्हणूनच आता खुब्याचं ऑपरेशन झालेल्या वृद्धाला शक्य असेल तर दुसऱ्याच दिवशी उभं करतात. घरच्यांना ते क्रूर वाटतं. पण छातीत कफ साठणं, पायात रक्ताच्या गाठी होणं, पाठीला जखमा पडणं हे सगळं खाटेवरच्या माणसालाच गाठतं.

शरीराला हालचाल इतकी का लागते? हाड मोडल्यावर पहिल्या काही दिवसांत तिथे रक्ताची गाठ धरते, सूज येते. दोन-तीन आठवड्यांत मऊ सांधा धरतो आणि दीड ते तीन महिन्यांत तो टणक होतो. त्यानंतरही महिनोन्महिने, कधी दोन-दोन वर्षं, हाड स्वतःला घडवत राहतं. कुठे जाड व्हायचं, कुठे बारीक, हे ते पडणाऱ्या भारावरून ठरवतं. युलिउस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ सालीच हे मांडलं होतं. भारच पडला नाही तर हाड विरळ होत जातं. स्नायूंचं नुकसान त्याहून लवकर होतं. पाय प्लास्टरमध्ये ठेवला की दोन आठवड्यांतच मांडीचा घेर उतरलेला डोळ्यांना दिसतो. स्नायुबंध मात्र सावकाश सुधारतात, कारण त्यांना रक्तपुरवठाच कमी. म्हणून टाचेची शीर किंवा गुडघ्याचं लिगामेंट यांचं दुखणं हाडापेक्षा जास्त चिवट असतं.

मग व्यायाम किती करायचा? या प्रश्नाचं मोजून-मापून उत्तर देणारा पहिला मोठा माणूस म्हणजे थॉमस डिलॉर्म. हा अमेरिकी लष्करातला तरुण डॉक्टर. लहानपणी त्याला ऱ्हुमॅटिक ताप आला होता आणि अंगमेहनत टाळ असा सल्ला मिळाला होता. त्याने उलट वजनं उचलून ताकद कमावली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या लष्करी रुग्णालयात मांड्या-गुडघे मोडलेल्या सैनिकांची रीघ लागली होती. रिवाजाप्रमाणे त्यांना हलके, न संपणारे व्यायाम दिले जात आणि ते महिनोन्महिने तिथेच अडकून पडत. डिलॉर्मने पायाला लोखंडी बूट बांधून त्यावर वजनं चढवली. जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढं वजन शोधायचं, त्यावर काम करायचं आणि पाय सशक्त होईल तसं वजन वाढवत न्यायचं. १९४५ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. आज जगातल्या प्रत्येक व्यायामशाळेत, प्रत्येक फिजिओच्या खोलीत जे चालतं, त्याचा हा पाया आहे. दुखापतीनंतरच्या ताकदीच्या व्यायामाचा जन्म पैलवानांच्या गरजेतून नाही, लंगडणाऱ्या सैनिकांच्या गरजेतून झाला, ही गोष्ट देवपुरातल्या कुणाही लंगडणाऱ्या माणसाला उभारी देणारी आहे.

त्यासाठी लोखंडी बूट लागत नाही. पहिला व्यायाम तर खाटेवरच होतो. पाय सरळ ठेवायचा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती गुडघ्याने खाली दाबायची. मांडीवर हात ठेवला तर गुडघ्याच्या वाटीच्या वर, आतल्या बाजूला स्नायू टणक होताना हाताला लागतो. पाच अंक मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी हा स्नायू बहुतेकांचा हलतच नाही. सुजेने गुडघ्याकडून येणारे संदेश बिघडतात आणि मेंदू त्या स्नायूला हुकूम देईनासा होतो. माणूस घाबरतो, ‘पाय गेला’ असं त्याला वाटतं. दोन-चार दिवसांत वाटी किंचित वर सरकताना दिसते. मग टाच अंथरुणावरून सरकवत गुडघा वाकवायचा. मग सरळ पाय वीतभर उचलायचा. मग खाटेच्या कडेला बसून घोट्याला पिशवी अडकवायची आणि त्या पिशवीत पाण्याची बाटली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. अर्धी बाटली म्हणजे अर्धा किलो. डिलॉर्मचा सगळा हिशेब या एका बाटलीत बसतो. मात्र कुठला पाय कधी, किती भाराला तयार झाला, हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरनेच ठरवायचं. प्रत्येक मोडीचा प्रकार वेगळा असतो, आणि शेजारच्याच्या पायाचं वेळापत्रक आपल्या पायाला लागू पडत नाही.

एक गोष्ट मात्र जवळजवळ सगळ्यांना लागू पडते, आणि तीच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. दुखापत एका अवयवाला झालेली असते, बाकीच्या शरीराला नाही. १८९४ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत असं दिसून आलं, की एका हाताला व्यायाम दिला तर दुसऱ्या, न हललेल्या हाताचीही ताकद वाढते. पुढे हे पुन्हा पुन्हा तपासलं गेलं आणि खरं ठरलं. ताकद अर्धी स्नायूत असते, अर्धी मेंदूच्या हुकमात. डावा पाय प्लास्टरमध्ये असताना उजव्या पायाने केलेली मेहनत डाव्या पायाची घसरण काही अंशी रोखते. शिवाय दोन्ही हात, पोट, पाठ मोकळेच असतात. खाटेवर बसून दंडाचे व्यायाम करता येतात, रबरी पट्टा ओढता येतो. महिनाभराने कुबड्या हातात येतील तेव्हा वजन पेलायचं आहे ते या खांद्यांनाच.

मनगटाच्या मोडीत या दुर्लक्षाचा फटका फार बसतो. पाय घसरून पालथ्या हातावर पडायचं आणि मनगटाजवळचं हाड मोडायचं, ही पन्नाशीपुढच्या बायकांची नेहमीची दुखापत. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी तिचं वर्णन १८१४ सालीच लिहून ठेवलं आहे. प्लास्टर बसतं, हात गळ्यात अडकवला जातो. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघतं तेव्हा मनगट जुळलेलं असतं, पण बोटं लाकडासारखी झालेली असतात आणि खांदा वर जात नाही. केस विंचरायला, मागे हात नेऊन पदर सारखा करायला जमत नाही. मनगट मोडलं होतं, खांदा तर नाही, मग हे कुठून आलं, असं ती बाई विचारते. सहा आठवडे खांदा हललाच नाही, तिथून ते आलं. प्लास्टर असतानाही दिवसातून काही वेळा हात झोळीतून काढून डोक्यावर न्यायचा, बोटं पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची. एवढ्याने तिचे पुढचे सहा महिने वाचले असते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक अन्याय घडतो आणि तो उघड बोलला पाहिजे. घरातल्या पुरुषाला दुखापत झाली की त्याला गरजेहून जास्त आराम मिळतो. बाईला झाली की आराम गरजेहून कमी आणि व्यायाम त्याहून कमी. पाहुणे उठून गेले की ती ओट्याशी उभी राहते. ‘घरकामात होतोच की व्यायाम’ हे वाक्य या भागात सर्रास ऐकू येतं. घरकाम म्हणजे तोच तोच भार, त्याच त्याच बाजूला, थकलेल्या वेळी. व्यायाम म्हणजे ठरवून, मोजून, दुखऱ्या अवयवाला हवी तीच हालचाल. कणीक मळणं मनगटासाठी चांगलं आहे खरं. पण ते कधी सुरू करायचं आणि किती वेळ करायचं हे फिजिओने ठरवायचं असतं, घरातल्या माणसांच्या संख्येने नाही. बाईला दिवसातून तीनदा पंधरा मिनिटं कुणी हाक मारणार नाही, एवढी सोय घराने केली तर ती कुठल्याही मलमाहून गुणकारी ठरेल.

आणि मालीश. लचक भरली, मुका मार लागला, की चोळून घेणं हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. पाठीला, पोटऱ्यांना हलकं तेल लावायला हरकत नाही. पण कोपराला मार लागल्यावर, विशेषतः लहान मुलाच्या, ते जोरजोराने चोळलं किंवा ताणून सरळ करायचा प्रयत्न केला तर स्नायूतच हाड तयार होऊ लागतं आणि कोपर कायमचं आखडू शकतं. बांबूच्या पट्ट्या आवळून बांधल्याने रक्तपुरवठा तुटून हात निकामी झाल्याची उदाहरणंही प्रत्येक अस्थिरोगतज्ज्ञाने पाहिलेली असतात. बोटं काळीनिळी, थंड, बधिर पडली तर पट्टी त्याच क्षणी सैल करून दवाखाना गाठायचा. याला पर्याय नाही.

व्यायामाला सर्वांत मोठा अडथळा वेदनेचा नसतो, भीतीचा असतो. गुडघा वाकवताना कळ येते आणि माणसाला वाटतं, आतलं काही तुटलं. त्या कळेचा अर्थ लावायला शिकवणं हे फिजिओचं अर्धं काम आहे. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सोसवत नाही, अशी मोजपट्टी धरली तर व्यायामाच्या वेळी तीन-चारपर्यंतचं दुखणं बहुतेक दुखापतींत चालतं. अट एवढीच, की दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधीच्या पातळीवर उतरलेलं हवं. सकाळी सूज वाढली, दुखणं चढलं, तर कालची मात्रा जास्त झाली. निम्म्यावर यायचं, पण थांबायचं नाही. काही दुखणी मात्र या हिशेबात बसत नाहीत. पोटरी एकाएकी सुजून गरम होणं, धाप लागणं, जखमेतून पू येणं, ताप, किंवा कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा जाणं. अशा वेळी व्यायाम बंद आणि थेट डॉक्टर.

स्वीडनमधल्या उमेओ शहरात होकान आल्फ्रेडसन नावाचे एक अस्थिशल्यविशारद होते. ते स्वतः धावायचे आणि टाचेच्या शिरेच्या दुखण्याने बेजार झाले होते. त्यांनी दुखऱ्या शिरेवर मुद्दाम भार टाकून पाहिला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं आणि टाच सावकाश खाली उतरवायची. दिवसाला १८० वेळा, बारा आठवडे. शीर तुटायच्या ऐवजी दुखणं गेलं. १९९८ साली त्यांनी पंधरा धावपटूंवरचे निष्कर्ष छापले आणि दुखऱ्या शिरेला विश्रांतीच हवी, या समजुतीला तडा गेला. हा व्यायाम देवपुरातल्या कुठल्याही घराच्या पायरीवर करता येतो. त्याला लागतो तो धीर, कारण पहिले काही आठवडे दुखणं हटत नाही.

धिराच्या उलट टोकाला घाई असते, आणि ती तरुणांची. क्रिकेट, कबड्डी, कुस्तीत गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, चार-पाच महिन्यांत पाय दुखेनासा झाला की मुलगा मैदानात उतरतो. बसवलेलं नवं लिगामेंट त्या वेळी आतून पुरतं मजबूत झालेलं नसतं. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१६ साली १०६ खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचा धोका साधारण निम्म्याने कमी होत गेला. नऊ महिन्यांनंतर मात्र आणखी थांबून वेगळा फायदा दिसला नाही. दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी झाली आहे की नाही हे तपासूनच परतणं, हे त्यातलं दुसरं सूत्र. २०२५च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत बीड जिल्ह्याचा अविनाश साबळे पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला आणि त्याचा गुडघा गेला. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक जिंकणारा हा धावपटू त्या वर्षीच्या टोकियोतल्या जागतिक स्पर्धेला मुकला. ज्याच्या दिमतीला देशातले उत्तम डॉक्टर आहेत त्यालाही थांबावं लागतं, हे गल्लीतल्या कबड्डीपटूने ध्यानात घ्यावं.

या बाबतीत तालमीची जुनी रीत शहाणपणाची आहे. खंड पडलेल्या पैलवानाला वस्ताद पहिल्या दिवशी कुस्तीला उभं करत नाही. आधी माती उकरणं, मग थोड्या बैठका, थोडे जोर, मग आकडा वाढवत न्यायचा. खान्देशाला कुस्तीचा वारसा मोठा आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, पोलीस अधिकारी झाला आणि २०२३ साली कॅनडातल्या विनिपेगच्या जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. मोठ्या खंडानंतरही शरीर परत घडवता येतं, याचं जळगाव जिल्ह्यातलंच हे उदाहरण.

पण या विषयात महाराष्ट्राने ज्याच्यापुढे मान तुकवावी असा माणूस सांगली जिल्ह्यातला आहे. मुरलीकांत पेटकर, पेठ इस्लामपूरचे. लष्करात गेले, बॉक्सर झाले. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक मणक्यात रुतली आणि कंबरेखालचं अंग गेलं. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार चालू असताना व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. पाण्यात शरीराचं वजन हलकं होतं. छातीएवढ्या पाण्यात पायांवर साधारण तिसरा-चौथा हिस्साच भार उरतो. जमिनीवर जे अंग ओझं वाटतं ते पाण्यात तरंगतं, आणि शाबूत राहिलेले खांदे सगळं शरीर ओढून नेऊ शकतात. बॉक्सरचे खांदे होतेच. १९६८च्या तेल अवीव पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांची जागतिक विक्रमी वेळ देऊन सुवर्णपदक जिंकलं. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. ऑलिम्पिकमध्येही तोवर एकाही भारतीयाला वैयक्तिक सुवर्ण मिळालेलं नव्हतं. त्याच स्पर्धेत भालाफेक आणि व्हीलचेअर स्लॅलममध्येही त्यांनी अंतिम फेरी गाठली. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं. पंचेचाळीसहून अधिक वर्षांचा हा उशीर मनाला लागून राहतो.

ज्या स्पर्धांनी पेटकरांना मैदान दिलं, त्यांचा उगमही रुग्णालयातलाच. लुडविग गुटमन हे नाझी राजवटीतून निसटून इंग्लंडला आलेले ज्यू मज्जाशल्यविशारद. १९४४ साली त्यांनी स्टोक मँडेविल इथे मणका दुखावलेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला. तोवर अशा रुग्णांना निजवून ठेवत आणि त्यांतले बहुतेक जण शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. गुटमननी त्यांना दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, उठवून बसवलं, चेंडू हाती दिला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनादिवशीच, रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जखमी सैनिकांची, स्त्रिया धरून, धनुर्विद्येची स्पर्धा झाली. आजचं पॅरालिम्पिक त्या हिरवळीतून उगवलं आहे.

आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी हे अलीकडचं उदाहरण. शाळकरी वयात सायकलवरून पडला, डावा हात मोडला, पुढे गँगरीन झालं आणि कोपर कधीच पूर्ववत झालं नाही. त्याच सचिनने २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक जिंकलं. पदक सगळ्यांना मिळणार नाही, आणि मिळवायचंही नसतं. पण जे उरलं आहे त्याची पुरेपूर ताकद कमावणं हा या दोघांचा मार्ग कापूस वेचणाऱ्या बाईलाही खुला आहे.

तिला तिच्या कामासाठी लागणारा व्यायाम मात्र तिच्याच कामातून शोधावा लागेल. अस्थिरोगाची पुस्तकं खुर्चीवर बसणाऱ्यांच्या देशांत लिहिली गेली. चालायला गुडघा साधारण ६० ते ७० अंश वाकला तरी पुरतो, जिन्याला नव्वद-शंभर. तिथे पोचलं की पुस्तक म्हणतं, रुग्ण बरा झाला. इथे माणसाला मांडी घालून पंगतीला बसायचं असतं, उकिडवं बसून निंदणी करायची असते, शौचालयातही बहुधा तसंच बसायचं असतं. त्याला १३० अंश आणि त्याहून अधिक लागतात. जळगावकडच्या मजुराला केळीचा घड खांद्यावर तोलत वाफ्यातून चालायचं असतं. म्हणून फिजिओकडे गेल्यावर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं: मला जमिनीवर बसायचं आहे, मला ओझं उचलायचं आहे. कृत्रिम सांधा बसवलेल्यांना किंवा विशिष्ट मोडींत हे शक्य होणार नसेल, तर तेही आधीच कळलेलं बरं. घरात कमोड आणि उंच पाट यांची सोय वेळेत होते.

खान्देशातला उन्हाळाही हिशेबात धरावा लागतो. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. तेव्हा व्यायाम पहाटे किंवा दिवेलागणीनंतर, आणि पाणी भरपूर. वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून आणून रोज घेण्याची सवय या उन्हात दुहेरी घातक असते, कारण अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडांवर घाव घालतात. जेवणात प्रथिनं हवीत. भाकरी आणि मिरचीच्या ठेच्यावर मांडीचा स्नायू परत भरत नाही. डाळ, शेंगदाणे, दूध, चालत असेल तर अंडी, हे दुखापतीच्या काळात रोज आणि नेहमीपेक्षा जास्त लागतं.

हे सारं रुग्णाला कुणी सांगायचं? घरी सोडताना औषधांची यादी मिळते, तशी व्यायामाची यादीही मिळायला हवी. मराठीत, मोठ्या अक्षरांत, रेखाचित्रांसह. कुठल्या आठवड्यात किती भार, काठी कोणत्या हातात, कुठली लक्षणं धोक्याची, आणि शेवटी घरच्या माणसासाठी एक वेगळा रकाना: तुम्ही काय करायचं, काय करू द्यायचं. सोबत त्या घरातल्या एकाला पाच मिनिटं करून दाखवायचं, शक्य असेल तर अहिराणीत. याला ना मोठं यंत्र लागतं ना इमारत. एका कागदाचा हा खर्च आहे आणि प्रत्येक दवाखान्याने तो केलाच पाहिजे.

रुग्णाच्या मनात मात्र अंशांचे आकडे नसतात. त्याच्या मनात असतो चैत्र. चैत्री पौर्णिमेला धुळे-जळगावकडून हजारो माणसं सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघतात. ज्याने दरवर्षी ही वाट चालली आहे, तो पाय मोडल्यावर पहिला प्रश्न हाच विचारतो: औंदा जाता येईल का? हा प्रश्न धरूनच व्यायामाची आखणी करावी. दिवाळीपासून चैत्रापर्यंत पाच महिने मिळतात. डॉक्टरने पूर्ण भार टाकायला परवानगी दिली असेल तर सपाट रस्त्यावर दहा मिनिटांनी सुरुवात, मग आठवड्यागणिक थोडी थोडी भर, मधले दोन दिवस चालणं कमी आणि ताकदीचे व्यायाम जास्त. फेब्रुवारीत गावाबाहेरच्या चढावर. पहिल्या वर्षी सगळी वाट पायी करायचा हट्ट न धरता गाडीने पायथ्याच्या नांदुरीपर्यंत जावं आणि तिथून गड चालावा. वर पोचल्यावर पायऱ्या चढून दर्शन घ्यावं. उतरताना गुडघ्यावर चढण्यापेक्षा जास्त ताण येतो. २०१८ पासून तिथे फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, खाली यायला तिचं तिकीट काढावं.